गरम हवेची वाट

बाळकुम नाक्यावरून जुना आग्रा रोड कशेळीच्या खाडीपुलाकडे जातो, त्या पट्ट्यात माझी रेडिएटर दुरुस्तीची शेड होती. कसारा घाटात उकळलेले ट्रक मुंबईकडे परतताना आमच्या दारात उभे राहायचे. कोलशेत रोडवरच्या कारखान्यांचे टँकर, भिवंडीच्या गोदामांचे टेम्पो, ठाण्यातल्या फियाट आणि अॅम्बॅसॅडर, सगळ्यांची तक्रार एकच: ‘काटा वर जातोय.’ गाव मूळचं कोळी-आगऱ्यांचं, पण रस्ता मुंबई-आग्रा. त्यामुळे गाड्यांच्या धंद्याला इथे कधी तोटा पडला नाही.

आज लिहितोय ते मात्र गाड्यांपेक्षा विमानांबद्दल जास्त. त्यातही हौशी माणसांनी घरी, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानांबद्दल, आणि त्यांच्या एकाच प्रश्नाबद्दल: रेडिएटर बसवायचा कुठे? पंखांचा इतिहास लिहिला गेला, इंजिनांचा लिहिला गेला. रेडिएटरच्या जागेचा इतिहास सलग असा माझ्या वाचनात कधी आला नाही. तो लिहायला हवा, कारण शंभराहून अधिक वर्षं माणसं त्यात एकाच ठिकाणी अडत आली आहेत. थंड हवा आत कशी घ्यायची याचा विचार सगळे करतात. तापलेली हवा बाहेर कशी जाणार, याचा विचार फार थोडे करतात.

मी काम शिकलो कुर्ल्यात, एका उस्तादांच्या हाताखाली. प्रीमियरचा मोटार कारखाना कुर्ल्यातच होता, त्यामुळे फियाटचे रेडिएटर आमच्याकडे ढिगाने यायचे. तेव्हाचा रेडिएटर तांब्या-पितळेचा. वर एक टाकी, खाली एक टाकी, मध्ये चपट्या नळ्या आणि नळ्यांच्या मधे तांब्याच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या. या मधल्या भागाला आम्ही जाळी म्हणतो, कंपनीवाले कोअर म्हणतात. गळका नग आला की आधी गॅसच्या बत्तीने टाकी उकलायची. नळ्यांत सळई फिरवून बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काढायचा. मग जागा तेजाबाने पुसून घ्यायची आणि कथील-शिशाचा डाग द्यायचा. बत्ती जास्त वेळ एका जागी धरली तर शेजारचा जुना डाग सुटतो, कमी धरली तर नवा धरत नाही. शेवटी पाण्याच्या हौदात नग बुडवून हवा भरायची. बुडबुडा जिथून येईल तिथे पुन्हा काम.

त्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेली गोष्ट पुढे आयुष्यभर उपयोगी पडली. ‘रेडिएटर खराब’ म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांचा रेडिएटर चांगला असतो. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं कोणीतरी काढून फेकलेलं असतं, जाळीच्या मागे भुसा आणि चिखल अडकलेला असतो, नाहीतर इंजिनाखाली ठोकलेल्या जादा पत्र्यामुळे वाराच कोंडलेला असतो. पाणी उष्णता फक्त वाहून आणतं. ती घेऊन जाते हवा. हवा जायला वाट नसेल तर दुप्पट मोठा रेडिएटर लावूनही काटा खाली येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीहून एक गृहस्थ माझ्याकडे आले. सांताक्रूझला विमानांच्या देखभालीत उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेले. घरामागच्या शेडमध्ये ते एकट्याला बसता येईल असं छोटं विमान बांधत होते, आणि त्याला अपघातात गेलेल्या मारुती झेनचं ९९३ सीसीचं इंजिन लावलं होतं. त्यांना मोठा रेडिएटर हवा होता. इंजिन जमिनीवर चालवून बघितलं की काही मिनिटांत तापायचं. मी म्हणालो, ‘साहेब, आधी गाडी दाखवा.’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘चला, मिस्त्री.’

पुढच्या काळात त्यांच्याकडून मी जे ऐकलं, त्यांनी दिलेली जुनी मासिकं-पुस्तकं कोणाकडून तरी वाचून घेत, चित्रं बघत जे समजून घेतलं, त्यावर हा लेख उभा आहे.

राइट बंधूंचं विमान हे घरी बांधलेलंच विमान होतं. ओहायोतल्या डेटन गावी त्यांचं सायकलचं दुकान. इंजिन त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने घडवलं. चार सिलिंडर, सुमारे १२ अश्वशक्ती. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूवर ते उडालं तेव्हा त्याचा रेडिएटर म्हणजे उभ्या चपट्या नळ्यांचा एक जुडगा होता, पंखांच्या पुढच्या बाजूच्या मधल्या खांबाला बांधलेला. पाण्याला पंप नव्हता. त्या दिवसाचं सगळ्यात लांब उड्डाण ५९ सेकंदांचं. तेवढ्या वेळाला ती सोय पुरेशी होती. रेडिएटर उघड्या वाऱ्यात होता आणि मागे त्याला अडवणारं काही नव्हतं, म्हणून गरम हवेचा प्रश्न आपोआप सुटला होता.

फ्रान्समध्ये लेव्हाव्हासर या अभियंत्याने आन्त्वानेत विमानात वेगळाच मार्ग धरला. पाणी उकळू द्यायचं, त्याची वाफ विमानाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी लावलेल्या लांबलचक नळ्यांत नेऊन थंड करायची. कल्पना देखणी होती, पण यंत्रणा नाजूक. याच जातीच्या विमानातून ह्युबर्ट लॅथम १९ जुलै १९०९ ला इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला आणि इंजिन बंद पडून पाण्यात उतरला. सहाच दिवसांनी, २५ जुलैला, लुई ब्लेरियो खाडी पार करून गेला. त्याचं तीन सिलिंडरचं आन्झानी इंजिन हवेने थंड होणारं होतं. तेही वाटेत तापू लागलं आणि पावसाच्या सरीने त्याला वाचवलं, असं सांगतात. तेव्हापासून विमानवाल्यांत दोन पंथ पडले. पहिल्या पंथाचं म्हणणं, पाणीच नको: नळी नाही, गळती नाही, रेडिएटर नाही. दुसऱ्या पंथाचं म्हणणं, पाण्यामुळे इंजिनाचं तापमान सगळीकडे सारखं राहतं, इंजिन निमुळत्या तोंडात बसवता येतं आणि ताकद जास्त काढता येते. दोघांचंही खरं आहे. म्हणून वाद अजून मिटलेला नाही.

पहिल्या महायुद्धात रेडिएटरची जागा हा जिवाचा प्रश्न झाला. जर्मनीच्या अल्बाट्रॉस विमानात रेडिएटर वरच्या पंखाच्या बरोबर मध्ये, वैमानिकाच्या डोक्यावर बसवलेला होता. गोळी लागून तो फुटला की उकळतं पाणी थेट तोंडावर यायचं. १९१७ मध्ये त्यांनी तो पंखाच्या उजवीकडे सरकवला. इंग्रजांच्या एस.ई.५ए विमानात तो नाकावर, मोटारीसारखा उभा आणि त्यावर उघडझाप करणाऱ्या झडपा. इंद्रलाल रॉय या बंगाली तरुणाने जुलै १९१८ मध्ये जे पराक्रम केले ते याच विमानातून. त्या झडपांचं मोल मला फार वाटतं. उंचावर हवा गार, खाली उतरताना इंजिन मंद; तेव्हा पाणी जास्त थंड होऊनही चालत नाही. ट्रकवाले थंडीच्या दिवसांत रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात, त्यामागचं कारण हेच.

आता घरी बांधणाऱ्यांकडे येतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पिटेनपोल नावाचा एक कारागीर होता, बराचसा स्वतःच शिकलेला. १९२९ मध्ये त्याने लाकडाचं, दोन माणसांचं विमान बांधून त्याला फोर्ड मॉडेल ए मोटारीचं चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. ‘एअर कॅम्पर’ म्हणून ते पुढे जगभर गाजलं. आराखडे छापले गेले आणि लोक आजही त्यावरून विमानं बांधतात. त्या विमानाचं चित्र पाहिलं आणि मला माझ्याच धंद्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं. रेडिएटर इंजिनाच्या वर, वैमानिकाच्या थेट डोळ्यांसमोर उभा! पुढचं बघायचं तर डावी-उजवीकडून डोकावून बघायचं. दिसायला ओबडधोबड, पण जागा विचाराने निवडलेली आहे. रेडिएटर इंजिनापेक्षा उंच असल्यामुळे गरम पाणी स्वतःहून वर चढतं आणि थंड झालेलं खाली येतं. यंत्रणेत अडकलेली हवा सगळ्यात वरच्या टाकीत गोळा होऊन झाकणातून निघून जाते. विमानाच्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, वारा थेट जाळीवर पडतो आणि पलीकडे मोकळं आकाश. वाऱ्याचा अडथळा खूप, हे खरं. पण जे विमान मुळातच सावकाश उडणार आहे, त्याला तो अडथळा परवडतो.

वेगवान विमानाला तो परवडत नाही. ताशी वेग दुप्पट झाला की उघड्या रेडिएटरचा अडथळा चौपट होतो. १९३१ च्या श्नायडर शर्यतीसाठी बांधलेल्या सुपरमरीन एस.६बी विमानात म्हणून रेडिएटर असा वेगळा ठेवलाच नाही. पंखांचा पत्राच दुहेरी करून त्यातून पाणी फिरवलं. त्या विमानाने ताशी सुमारे ६५५ किलोमीटरचा विक्रम केला. शर्यतीपुरतं ते ठीक होतं. एक डाग सुटला तर अख्खा पंख उकलावा लागेल, असं यंत्र रोजच्या वापराला चालत नाही.

खरी उकल १९३५ मध्ये झाली. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत एफ. डब्ल्यू. मेरेडिथ या शास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं की रेडिएटर नळीत बंद केला, नळीचा आकार नीट ठेवला, तर अडथळा बराचसा भरून निघतो. त्याचं म्हणणं माझ्या भाषेत असं. हवा लहान तोंडातून आत येते. पुढे नळी हळूहळू रुंद होते, म्हणून हवा मंदावते आणि तिचा दाब वाढतो. मंद हवा जाळीतून फार विरोध न होता जाते. जाळीत ती तापते, फुगते. मागे नळी पुन्हा निमुळती होते आणि फुगलेली हवा वेगाने मागे फेकली जाते. म्हणजे ज्या उष्णतेला आपण ओझं समजतो, तीच थोडा धक्का देऊन जाते. जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी अशा नळीची कल्पना १९१५ च्या सुमारासच मांडली होती, पण हिशेब मेरेडिथने पक्का केला.

मार्च १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या स्पिटफायरच्या पंखांखाली हा विचार आला. हरिकेनमध्ये रेडिएटर पोटाखाली होता. ऑक्टोबर १९४० मध्ये उडालेल्या अमेरिकन मस्टँगमध्ये मात्र तो सगळ्यात सुंदर उतरला: वैमानिकाच्या मागे, पोटाखाली, लांब नळीत. तिथे एक बारकावा आहे. नळीचं तोंड विमानाच्या पोटाला चिकटवलेलं नाही; मध्ये बोटभर फट ठेवली आहे. अंगालगत घासत येणारी हवा थकलेली, गोंधळलेली असते. ती नळीत घेतली तर आतमध्ये हवा नीट पसरत नाही. फटीतून ती हवा बाजूला सारायची आणि ताजी हवा आत घ्यायची. मागे बाहेर पडण्याच्या तोंडाला उघडझाप करणारं दार. सगळं नियंत्रण त्या मागच्या दाराने होतं, पुढच्या तोंडाने नाही. मला विचाराल तर रेडिएटरच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं दार.

या कहाणीला आपल्याकडचा एक धागा आहे. १९३९ मध्ये मोटार कारखान्याच्या बोलणीसाठी केलेल्या अमेरिकेच्या प्रवासात उद्योगपती वालचंद हिराचंद यांना पॅसिफिकवरून जाणाऱ्या विमानात विल्यम पॉली हे विमान व्यवसायातले गृहस्थ भेटले. त्या भेटीतून विमान कारखान्याचा बेत ठरला आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारी नंतर आल्या: प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. सोलापूरच्या या एका माणसाने दोन्ही गोष्टींचा पाया घातला. त्याच प्रीमियरने पुढे डोंबिवलीच्या बाजूलाही कारखाना काढला आणि नव्वदच्या दशकात तिथून प्यूजो ३०९ गाड्या बाहेर पडल्या.

दुसऱ्या महायुद्धाची खूण आमच्या जिल्ह्यातही आहे. कल्याणजवळ नेवाळीला ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. त्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून जून २०१७ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले, ते आंदोलन अनेकांना आठवत असेल. जमीन गेलेल्यांचं दुःख मोठं आहे, त्यापुढे माझा विषय छोटा. पण त्या काळात स्पिटफायर आणि हरिकेन भारतीय वैमानिकही चालवत होते, आणि आपल्या उन्हात ही विमानं जमिनीवर उभी असताना लवकर तापायची. स्पिटफायरचा रेडिएटर पंखाखाली, पंख्याच्या वाऱ्यापासून बाजूला. चाकाचा दांडा खाली असला की त्याच्या वाटेत यायचा. उडण्याआधी जास्त वेळ थांबायची सोयच नव्हती. आकाशात उत्तम चालणारी जागा जमिनीवर नडते, हा धडा घरी विमान बांधणाऱ्याने आधी घ्यायला हवा. विमान सगळ्यात जास्त तापतं ते रांगताना आणि चढताना. दोन्ही वेळा वेग कमी, आणि चढताना इंजिनावर ताणही जास्त.

डोंबिवलीच्या शेडमध्ये मला दिसलं ते हेच. साहेबांनी झेनचा रेडिएटर नाकात, इंजिनाच्या खाली बसवला होता. पुढे छान ऐसपैस तोंड कापलेलं. मागे इंजिन, त्याच्या मागे आगीपासून आडोसा म्हणून लावलेला पत्रा, आणि खाली बाहेर पडायला हातभर लांब, पण जेमतेम दोन बोटं उंचीची फट. मी रेडिएटरला हात लावला नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, ती इंग्रजी यू आकारात फळीवर ठोकली, आत रंगीत पाणी भरलं. नळीचं एक टोक जाळीच्या पुढे, दुसरं मागे. दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीत जेवढा फरक, तेवढा जाळीवर पडणारा दाब. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा सगळा जोर वापरला गेला तरी हा फरक साडेचार सेंटिमीटरच्या आसपास येतो, १६० ला साडेअकराच्या. म्हणजे मुळात आपल्या हातात जोर थोडाच असतो. तो वाया घालवून चालत नाही. इंजिन सुरू केलं, पंखा फिरला, आणि पाणी जेमतेम हललं. पुढे जेवढा दाब, मागेही जवळपास तेवढाच. हवा आत कोंडून बसली होती.

साहेबांनी कागदावर हिशेब करून दाखवला तो मला पाठ आहे. मोटारीचं इंजिन जेवढी ताकद पंख्याला देतं, साधारण तेवढीच उष्णता पाण्यात सोडतं. पन्नास अश्वशक्ती म्हणजे ३७ किलोवॉट. तेवढी उष्णता न्यायला, हवा चाळीस अंशांनी तापू दिली तरी, सेकंदाला जवळपास एक किलो हवा लागते. एक किलो हवा म्हणजे उन्हाळ्यात सुमारे नऊशे लिटर! आणि ३५ अंशांची हवा ८५ अंशांपर्यंत तापली की ती साधारण सोळा टक्क्यांनी फुगते. आत येते त्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या हवेला जागा जास्त लागते. चुलीला धुराडं नसेल तर कितीही फुंकणी मारली तरी जाळ नीट धरत नाही, तसंच हे.

आम्ही खालची फट वाढवली, तिच्या पुढच्या कडेला तिरका पत्रा लावला, म्हणजे बाहेरचा वारा त्याच्यावरून जाताना मागे ओढ निर्माण करतो. जाळीच्या कडेने हवा निसटू नये म्हणून चारी बाजूंना रबर-फोमच्या पट्ट्या भरल्या. तोंड उलट थोडं लहान केलं आणि त्याच्या मागे रुंद होत जाणारी पत्र्याची नळी केली. बाहेरच्या फटीजवळ लोकरीचे धागे चिकटवले. इंजिन सुरू झाल्यावर आधी लुळे पडलेले ते धागे ताठ मागे उभे राहिले. यू-नळीतलं पाणी वर चढलं. काटा नव्वदच्या आसपास थांबला. रेडिएटर तोच, झेनचाच.

त्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळाली नाही, आणि साहेबांनी परवानगीशिवाय चाक जमिनीवरून उचललं नाही. त्यांचा हा नेम मला त्यांच्या कारागिरीइतकाच मोठा वाटतो.

घरी विमान बांधणाऱ्यांची चळवळ अमेरिकेत १९५३ पासून संघटित झाली; पॉल पोबेरेझ्नी यांनी तेव्हा एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली. या मंडळींनी फोक्सवॅगनचं हवेने थंड होणारं इंजिन फार वापरलं, त्यामागे मोठं कारण रेडिएटर टाळणं हेच होतं. पिटेनपोलनेही पुढे कॉर्व्हेर मोटारीचं हवेवरचं इंजिन वापरून पाहिलं. पण मोटारींचं पाण्यावरचं इंजिन स्वस्त, सुटे भाग कुठेही मिळतात, म्हणून ज्यांनी ते लावलं त्यांनी रेडिएटरला विमानाचा कोपरान्‌कोपरा दाखवला. नाकात, इंजिनाखाली: नळ्या आखूड, पंख्याचा वारा भरपूर, पण मागे गर्दी. पोटाखाली, मस्टँगच्या धर्तीवर: हवेला सरळ वाट, पण पाण्याच्या नळ्या लांब, त्यांत हवा अडकण्याचा धोका, आणि पाण्यासकट रेडिएटरचं वजन मागे गेल्याने विमानाचा तोल नव्याने बघावा लागतो. नाकाच्या दोन्ही गालांवर दोन छोटे: दिसायला नीटस, पण एका बाजूने पाणी कमी फिरलं तर कळत नाही. मागच्या पंख्याच्या ओढीचा फायदा घेत शेपटीकडे, पंखा मागे असलेल्या विमानांत: जमिनीवर उत्तम, पण हवा आत घेणारं तोंड अंगाबरोबर चपटं ठेवलं तर तीच थकलेली हवा आत येते.

पोटाखालच्या जागेला माझी पसंती आहे, एका अटीवर: सगळ्यात उंच जागी छोटी टाकी आणि प्रेशर कॅप हवी. यंत्रणेतली हवा तिथे जमली पाहिजे. मस्टँगचा धक्का मिळेल या आशेने मात्र कोणी ती जागा निवडू नये. तो लाभ ताशी पाचशे-सहाशे किलोमीटरच्या विमानाचा. दीडशेने उडणाऱ्याला त्यातून मिळते ती फक्त अडथळ्यातली बचत. तीही थोडी नव्हे.

१९८९ मध्ये ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने ९१२ हे इंजिन आणलं आणि पंथांच्या भांडणात मधला रस्ता काढला. सिलिंडरचं डोकं पाण्याने थंड, सिलिंडर हवेने. ८० अश्वशक्तीला पुरणारा रेडिएटर त्यामुळे लहान झाला आणि नाकाखाली मावू लागला. आपल्याकडे एनसीसीच्या मुलांना शिकवणारी पिपिस्ट्रेल व्हायरस विमानं याच जातीच्या इंजिनावर चालतात. हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी अशा १९४ विमानांचा करार २०१५ मध्ये झाला. रोटॅक्स स्वस्त नाही. म्हणून जुन्या मोटारीचं इंजिन घेऊन बसणारा माणूस अजून आहे, आणि त्याचा प्रश्नही आहे.

महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याचं नाव निघालं की कॅप्टन अमोल यादव यांचं नाव निघतंच. कांदिवलीत चारकोपला घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याला ते हवेत गेलं. गच्चीवर जिन्यातून साहित्य चढवायचं, खाली उतरवायला क्रेन आणायची, आणि मग वर्षानुवर्षं कागदांच्या मागे फिरायचं. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. चौपाटीवर १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा आपण फार अभिमानाने सांगतो. तिला भक्कम पुरावा नाही. चारकोपच्या गच्चीला आहे. अभिमान तिथे वाहावा.

माझा धंदा मात्र बदलला. नव्या गाड्यांबरोबर अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. वजनाला हलकी चीज. तांबं अॅल्युमिनियमच्या तिप्पटीहून जड. विमानाच्या दृष्टीने हा बदल चांगलाच. पण ही जाळी भट्टीत एकसंध जोडलेली असते, तिला डाग बसत नाही. गळली की काढायची आणि नवी लावायची. कथील, तेजाब, हौद यांची गरज कमी होत गेली आणि मी शेड बंद केली. आता त्या रस्त्यावर मेट्रो पाचचे खांब आहेत, बाळकुम नाक्याला स्टेशन होतंय.

ठाणे-कल्याण पट्ट्यात अभियांत्रिकीची कितीतरी कॉलेजं आहेत. मुलं ड्रोन करतात, शर्यतीच्या छोट्या गाड्या करतात, उद्या त्यांतलं कोणी विमानही करेल. त्यांना माझं सांगणं आहे. इंजिन बसवायच्या आधी रेडिएटरची जागा ठरवा, आणि त्याही आधी गरम हवा बाहेर कुठून पडणार ते कागदावर काढा. रेडिएटर रबरी गाद्यांवर बसवा, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने जोड उकलतील. ट्रकचा रेडिएटर फुटला तर ट्रक रस्त्याकडेला लागतो. तुमच्याकडे उतरायला काही मिनिटंच असतील. आणि यू-नळी लावून बघितल्याशिवाय मोठा रेडिएटर विकत घेऊ नका. कळवा, मुंब्रा, भिवंडी, कुर्ला इथे तांब्या-पितळेचं काम जाणणारे म्हातारे कारागीर अजून आहेत. त्यांना शेडमध्ये बोलवा, इंजिन चालू करून दाखवा आणि ते काय म्हणतात ते लिहून घ्या.